रायफल खाली घ्यायला शिकताना

माझी मुलगी नेमबाजीच्या वर्गाला जाऊ लागली तेव्हा 11 वर्षांची होती, आणि एका चुकीच्या क्लबमधला पहिला दिवस सोडला, तर पहिल्या तीन आठवड्यांत तिने एकही छर्रा झाडला नाही. तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला तिचा भाऊ तर त्यापुढे आणखी वर्षभर खऱ्या एअर रायफलीला हात लावणार नव्हता. मुलांना वेळेवर घेऊन जायचे, आणि तिथे त्यांनी तासभर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, याचा त्या दिवसांत मला मनातून वैताग येत असे. आपल्या मुलांना या खेळात घालावे का, घातले तर कसे, असा विचार करणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून गेल्या दीड वर्षाचा आमचा अनुभव, आमच्या चुकांसह, येथे लिहीत आहे.

सुरुवात 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकने झाली. महिलांच्या 10 मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या बान ह्यो-जिन या 16 वर्षांच्या मुलीने मिळवले, आणि तिने हा खेळ 2021 मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी, हाती घेतला होता हे ऐकल्यावर माझ्या मुलीने बोटांवर हिशेब केला. मला त्या हिशेबाचे कौतुक वाटले. माझ्या पत्नीला त्यातली घाई दिसली. पुढे आम्हांला भेटलेल्या प्रशिक्षिकेनेही हेच उदाहरण नेमके उलट अर्थाने सांगितले. तेराव्या वर्षी सुरुवात करून कोणी तिथवर पोहोचू शकते, याचा अर्थ आठव्या किंवा नवव्या वर्षी मुलाच्या खांद्यावर ओझे टाकण्याची काहीही गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पत्नीचा आक्षेप मात्र घाईपुरता नव्हता. बंदुकीसारख्या दिसणाऱ्या वस्तूशी मुलांची सलगी व्हावी हेच तिला मान्य नव्हते, आणि तिची बाजू मला खोडता येत नव्हती. मी तिला सांगत होतो की ही कार्बन किंवा लाकडी दस्त्याची, दाबाखालच्या हवेवर चालणारी खेळाची साधने आहेत. त्यावर तिचे उत्तर असे, की सुमारे अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर तो डोळा फोडू शकतो आणि डोळ्याला ती वस्तू खेळाची होती हे कळत नाही. ती बरोबर होती. त्यामुळे आम्ही वाद थांबवून अटी ठरवल्या. साधने घरी आणायची नाहीत, ती क्लबच्या कुलपातच राहतील. आपल्याकडचा कायदा काय सांगतो, कोणत्या वयापासून आणि कोणाच्या देखरेखीखाली मुलांना एअर रायफल हाताळता येते, हे आधी स्वतः वाचायचे. घरातल्या खेळण्यातल्या बंदुकाही कोणावर रोखायच्या नाहीत, कारण एकाच आकाराच्या दोन वस्तूंसाठी मुलांच्या मनात दोन वेगळे नियम टिकत नाहीत. आणि मुलांनी नको म्हटले, तर त्याच दिवशी, एकही प्रश्न न विचारता, थांबायचे. या अटी कागदावर लिहून आम्ही चौघांनी खाली सह्या केल्या. आठ वर्षांच्या मुलाने आपली सही करताना दाखवलेले गांभीर्य पाहून पत्नी पहिल्यांदा थोडी सैल झाली.

कायद्याचा शोध घेताना एक गोष्ट कळली, तिचा पुढे फार उपयोग झाला. देशोदेशी वयाची अट निराळी आहे. जर्मनीत, जिथे नेमबाजीचे क्लब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, तिथे एअर रायफलीसाठी साधारणपणे 12 वर्षांची अट आहे आणि त्याहून लहान मुले प्रकाशकिरणाच्या रायफलीवर व पिस्तुलावर शिकतात. चाप ओढला की छर्र्याऐवजी प्रकाशाचा एक निरुपद्रवी झोत निघतो आणि समोरचे लक्ष्य तो कुठे लागला ते दाखवते. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे नेमबाजीचाही समावेश असलेल्या पाच खेळांच्या स्पर्धेत, 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून मोठी माणसेदेखील लेझर पिस्तूलच वापरतात, तेव्हा हे काही खोटेखोटे साधन नव्हे. मुलासाठी हाच मार्ग घ्यायचा हे तेव्हाच नक्की झाले.

पहिला क्लब निवडताना आम्ही चुकलो. तिथे पहिल्याच दिवशी मुलीला मोठ्यांची रायफल दिली, मोठ्यांचे जाड कातडी-कॅनव्हासचे जाकीट चढवले आणि तासाभरात 40 छर्रे झाडू दिले. तिचे फोटो काढले गेले, ती आनंदाने फुलून गेली होती आणि मीही. त्या रात्री तिची मान आणि कमरेच्या वरचा भाग इतका दुखू लागला की तिला कुशीवर वळता येईना. नंतर मी हिशेब केला. नियमांनुसार 10 मीटर एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते; मोठ्यांच्या रायफली चार-साडेचार किलोच्या घरात असतात. माझ्या मुलीचे स्वतःचे वजन तेव्हा 32 किलो होते. सत्तर किलोच्या माणसाने दहा किलोचे ओझे शरीराच्या एका बाजूला धरून तासभर निश्चल उभे राहावे, तसा तो प्रकार होता. त्यातून उभ्याने रायफल धरताना नेमबाज कंबर पुढे ढकलून पाठ मागे झुकवतो आणि कण्याला पीळ देतो, म्हणजे रायफलीचा भार स्नायूंऐवजी हाडांवर येतो. प्रौढ खेळाडूही त्यासाठी पाठीचे आणि पोटाचे व्यायाम वर्षानुवर्षे करतात. वाढत्या वयाच्या कण्यावर तो भार पहिल्या दिवशी टाकणे ही निष्काळजी होती, आणि शेजारी उभे राहून फोटो काढणारा मी तिचा भागीदार होतो. आम्ही तिथे पुन्हा गेलो नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या प्रशिक्षिकेने मुलांना रेंजमध्ये नेण्यापूर्वी आम्हां दोघांना समोर बसवून अर्धा तास प्रश्न विचारले. मुलांना पूर्वी पाठीचा काही त्रास आहे का, डोळे कधी तपासले आहेत, मुले दुसरे कोणते खेळ खेळतात, आणि सर्वांत शेवटी, तुम्हांला हे कशासाठी हवे आहे. मी एकाग्रतेबद्दल काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, "एकाग्रता वाढेल की नाही ते मी सांगत नाही. पण थांबता यायला लागेल, एवढे नक्की." दोन्ही मुलांनी पोहणे आणि धावणे सोडायचे नाही, ही त्यांची अट होती, कारण नेमबाजी हा शरीराची एकच बाजू सतत एकाच ठेवणीत वापरणारा खेळ आहे आणि मुलांचे शरीर दोन्ही बाजूंनी वाढायला हवे.

मग ते तीन आठवडे सुरू झाले. मुलांच्या हातात रायफलीऐवजी एक साधी लाकडी दांडी होती, आणि त्या दांडीला रायफलीचे सगळे नियम लागू होते. नळीचे टोक कायम लक्ष्याच्या दिशेला. शेजारच्याशी बोलताना मान वळवायची, दांडी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, दस्त्यालगत सरळ. हातातून खाली ठेवली की नळीत सुरक्षेची दोरी. ही भडक रंगाची दोरी नळीतून आरपार घालायची असते, म्हणजे आत छर्रा नाही हे दुरूनही दिसते, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांतही ती सक्तीची आहे. 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप' आणि 'अनलोड' या आज्ञा. यांतल्या 'स्टॉप'वर सर्वांत जास्त वेळ गेला. मुले नेम धरण्यात गुंग असताना प्रशिक्षिका मध्येच 'स्टॉप' म्हणत आणि त्या शब्दाबरोबर बोट चापावरून उठले पाहिजे, मग समोर दहा गुण दिसत असोत की आणखी काही. माझा मुलगा पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशीर करत होता. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो आज्ञा पूर्ण होण्याआधी थांबत होता. प्रशिक्षिका सांगत की रेंजवर 'स्टॉप' म्हणण्याचा अधिकार सर्वांना आहे, सर्वांत लहान मुलालाही. कोणी लक्ष्याच्या बाजूला गेलेले दिसले, तर वयाचा मान न पाहता मोठ्याने ओरडायचे. एरवी मोठ्यांसमोर दबून राहणाऱ्या माझ्या मुलीने एका प्रौढ सदस्याची नळी बाजूला वळलेली पाहून खरोखरच 'स्टॉप' म्हटले, आणि त्या गृहस्थांनी रायफल खाली ठेवून तिचे आभार मानले, हे मी स्वतः पाहिले आहे.

याच काळात आम्ही शिशाविषयी शिकलो, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल पालक क्वचितच विचारतात. नेहमीचे 4.5 मिलिमीटरचे छर्रे शिशाचे असतात. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा अधिक शिसे शोषून घेते. एअर रायफलीत बंदुकीची दारू आणि स्फोटक टोपी नसल्याने तेथील शिशाची धूळ काडतुसांच्या रेंजपेक्षा पुष्कळ कमी असते, आणि मुलांना एअर रायफलीवरच ठेवण्याचे हे एक मोठे कारण आहे. तरीही ती अजिबात नसते असे नाही. म्हणून क्लब निवडताना हवा कशी खेळती ठेवली आहे, फरशी कोरडी झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात, लक्ष्यामागच्या पेटीतले चेपलेले छर्रे कोण आणि कसे काढतो, हे विचारावे. मुलांनी ते काम करू नये. रेंजमध्ये काहीही खायचे-प्यायचे नाही, छर्रा दातांत धरायचा नाही, बाहेर पडताच साबणाने हात आणि तोंड धुवायचे, आणि रेंजचे बूट घराबाहेर काढायचे. कथिलाचे, शिसे नसलेले छर्रेही मिळतात. शिकाऊ मुलांच्या गुणांत त्यामुळे जो फरक पडेल तो इतर चुकांत हरवून जातो, म्हणून आम्ही तेच वापरले.

चौथ्या आठवड्यात डोळ्यांची परीक्षा झाली. दोन्ही तळहात समोर लांब धरून मधे एक लहान फट ठेवायची, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायची, आणि मग एकेक डोळा मिटून ती वस्तू कोणत्या डोळ्याने पाहताना जागेवर राहते ते बघायचे. माझी मुलगी उजव्या हाताने लिहिते, पण तिचा मुख्य डोळा डावा निघाला. अशा वेळी उजव्याच खांद्यावर रायफल ठेवून डावा डोळा पट्टीने झाकता येतो किंवा रायफलच डाव्या खांद्यावर घेता येते. प्रौढ माणसाला बाजू बदलणे जड जाते, पण मुलांच्या सवयी बनलेल्या नसतात, म्हणून प्रशिक्षिकेने डावा खांदा सुचवला. मुलगी हिरमुसली, आपण 'उलटी' आहोत असे तिला वाटले. तेव्हा त्यांनी तिला हंगेरीच्या कारोली टाकाचची हकीकत सांगितली. सैन्यात असताना 1938 मध्ये सदोष हातबाँबमुळे त्याचा उजवा हात, ज्याने तो पिस्तूल चालवत असे, निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून शिकून 1948 च्या लंडन आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. त्या दिवसापासून तिला डाव्या खांद्याबद्दल पुन्हा समजवावे लागले नाही. एक गोष्ट मात्र येथे नोंदवतो: नको असलेला डोळा मिटून नेम धरायची सवय मुलांना लागू देऊ नये. मिटलेल्या डोळ्याभोवतीचे स्नायू ताणले जातात, चेहरा थकतो आणि उघड्या डोळ्याची नजरही ढळते. त्यापेक्षा त्या डोळ्यासमोर एक छोटी अपारदर्शक पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवणे चांगले.

खरी रायफल हाती आली ती स्टँडच्या आधारावर. हा उंची बदलता येणारा, स्प्रिंगचा आधार असलेला स्टँड रायफलीचे बहुतेक वजन स्वतःवर घेतो आणि मुलाकडे फक्त रोख, श्वास आणि चाप एवढेच उरते. मला आधी ही सवलत वाटली होती. नंतर लक्षात आले की ज्या मुलाची सगळी शक्ती रायफल तोलण्यात खर्च होते, ते चाप कसा ओढायचा हे शिकूच शकत नाही. ते थरथरणाऱ्या नळीतून काळा ठिपका जाताना दिसला की झटका देते, आणि हा झटका पुढे काढायला वर्षे लागतात.

या खेळातली अंतरे किती लहान असतात ते समजल्याशिवाय ही शिस्त कशासाठी, हे कळत नाही. एअर रायफलीच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ 0.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्र्याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात, त्यामुळे छर्र्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालते. पण ते अडीच मिलिमीटर 10 मीटरवरचे आहेत. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे ज्यांतून पाहून नेम धरतात त्या रायफलीवरच्या दोन भागांमध्ये, साधारण 70 सेंटिमीटर अंतर धरले, तर त्या दोहोंची रेषा 0.2 मिलिमीटरहूनही कमी ढळली की दहाचा नऊ होतो. प्रशिक्षिकेने हे गणित मुलीकडूनच कागदावर सोडवून घेतले. कागदाच्या दोन पानांएवढी ही जाडी आहे हे तिने स्वतः शोधून काढले, आणि मग श्वास अर्धा सोडून थांबवणे, गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकवणे, पाऊल जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर ठेवणे, या गोष्टी तिला कटकटीच्या वाटेनाशा झाल्या.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला सराव नैसर्गिक रोखाचा. मुलाने रायफल लक्ष्यावर धरायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घेऊन अंग सैल सोडायचे आणि डोळे उघडायचे. रायफल आता जिकडे दाखवते तोच शरीराचा नैसर्गिक रोख. तो लक्ष्याच्या डावीकडे असेल, तर हाताने रायफल उजवीकडे ढकलायची नाही. पाय सरकवून सगळे शरीरच वळवायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. हाताने ढकलून मिळवलेला नेम स्नायूंच्या जोरावर टिकलेला असतो आणि चाप ओढताना तो मूळ जागी परत जातो. मुले हे आश्चर्यकारक वेगाने शिकतात, कदाचित त्यांना अंग सैल सोडणे अजून विसरायला झालेले नसते म्हणून.

आणि मग तो धडा आला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतले. नेम धरल्यापासून साधारण आठ सेकंदांत चाप ओढला गेला नाही, तर रायफल खाली घ्यायची. श्वास थांबवून तेवढ्याहून अधिक वेळ गेला की प्राणवायू कमी पडू लागतो, स्नायू कापतात, आणि डोळ्याला आधी दिसलेलेच चित्र दिसत राहते, जरी प्रत्यक्षात नळी सरकलेली असली तरी. नेमबाजांना हे सगळे माहीत असते. तरी आता जमलेच आहे, झाडून टाकू, हा मोह मोठा असतो. आमच्या प्रशिक्षिका पहिले सहा महिने मुलांचे गुण मोजत नव्हत्या. मुलाने किती वेळा रायफल खाली घेतली ते मोजत होत्या. तासात दहा शॉट झाडून चार वेळा रायफल खाली घेणारे मूल, पंचवीस शॉट झाडून एकदाही न थांबणाऱ्या मुलापेक्षा त्यांच्या वहीत वर असे. माझ्या मुलीच्या वहीत पहिल्या महिन्यात त्या रकान्यात सगळी शून्ये आहेत. तिला रायफल खाली घेणे ही हार वाटत होती. शाळेत उत्तर येत नसले तरी काहीतरी लिहून यायचे असते, कोरे सोडायचे नसते, हे आम्हीच तिला शिकवले होते.

ही शून्ये जायला अडीच महिने लागले. एके दिवशी तिने एकाच शॉटसाठी तीनदा रायफल खाली घेतली, चौथ्यांदा झाडले, आणि गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे न पाहता म्हणाली, "नऊ, थोडा खाली." तो खरोखर नऊ होता, सहा वाजण्याच्या दिशेला. शॉट सुटल्यावर रायफल न हलवता क्षणभर नजर लक्ष्यावर तशीच ठेवायची, चाप सुटताना शेवटचे काय दिसले ते आठवायचे आणि गुण पाहण्याआधी सांगायचे, याला 'कॉल करणे' म्हणतात. जे मूल आपला शॉट अचूक कॉल करते, त्याला आपली चूक स्वतः सापडते आणि मग प्रशिक्षकाला फार बोलावे लागत नाही.

मुलाचे वर्ष वेगळे गेले. प्रकाशाची रायफल हलकी, आवाज नाही, दुखापत नाही, पण तीच त्याची अडचण होती, कारण बहिणीच्या रायफलीचा 'फट्' असा आवाज त्याला हवा होता. आठ वर्षांच्या मुलाकडून वीस मिनिटांपेक्षा अधिक स्थिर उभे राहण्याची अपेक्षा करू नये हे मी तिथे शिकलो. प्रशिक्षिका त्याला वीस मिनिटांनंतर धावायला पाठवत, आणि परत आल्यावर वाढलेल्या ठोक्यांसह पाच शॉट घ्यायला लावत, म्हणजे ठोके शांत होईपर्यंत थांबायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवावे. हा खेळ त्याला इतका आवडला की आवाजाचा हट्ट मागे पडला. पिस्तूल शिकायचे त्याच्या मनात आले, तेव्हा त्यांनी ते काही वर्षे पुढे ढकलले. एअर पिस्तूल एका हाताने, आधाराशिवाय धरायचे असते आणि त्याच्या चापाला किमान 500 ग्रॅमचा ताण असावाच लागतो. लहान मनगटाला आणि बोटाला ते झेपत नाही, आणि झेपवण्याच्या नादात मनगट वाकडे धरायची सवय लागते.

सातव्या-आठव्या महिन्यात मुलीचे गुण थांबले, आणि मग घसरले. या टप्प्यावर पालक साधने बदलतात. मीही नवा दस्ता, नवे जाकीट यांची चौकशी सुरू केली होती. प्रशिक्षिकेने तसे करू दिले नाही. त्यांनी लक्ष्यच काढून टाकले आणि तिथे कोरा पांढरा कागद लावला. कोऱ्या कागदावर दहा कुठे आणि सात कुठे हे नसते. तिथे फक्त छिद्रे किती जवळजवळ पडली, म्हणजे ग्रुप केवढा झाला, ते दिसते. ग्रुप लहान असेल तर तो मध्यावर आणायला साइटचे दोन-चार क्लिक पुरतात, आणि ग्रुप पसरलेला असेल तर कितीही क्लिक फिरवून उपयोग नाही. महिनाभर तिने कोऱ्या कागदावर काम केले. तिची उंची त्या काळात भराभर वाढत होती आणि स्टँडची उंची, दस्त्याची लांबी आणि गालाचा टेका दर काही आठवड्यांनी बदलावा लागत होता, हेच घसरणीचे खरे कारण निघाले.

पहिल्या मॅचमध्ये मी जे केले ते लिहायला मला जड जाते. तिच्या वयोगटाला आधारावरून 20 शॉट होते आणि अर्ध्या तासाचा वेळ. सायटर, म्हणजे मॅचआधीचे सरावाचे शॉट, उत्तम गेले. प्रेक्षकांच्या जागेवरून मला तिची स्क्रीन दिसत होती आणि मी प्रत्येक शॉटनंतर तिच्या आईला गुण सांगत होतो, पुरेशा दबक्या आवाजात असे मला वाटत होते. बाराव्या शॉटनंतर तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी हाताने 'छान' अशी खूण केली आणि नंतर, नऊ आल्यावर, मला नकळत माझा चेहरा पडला. त्यानंतर तिने एकदाही रायफल खाली घेतली नाही. शेवटचे आठ शॉट तिने चार मिनिटांत संपवले आणि त्यांत दोन सात होते. घरी येताना ती म्हणाली, "बाबा, मला लवकर संपवायचे होते." मी तिची माफी मागितली. प्रशिक्षिकेनेही मला त्या आठवड्यात बाजूला घेऊन सांगितले की मॅचच्या वेळी पालकांनी स्क्रीनकडे पाठ करून बसावे, आणि मॅचनंतर पहिला प्रश्न गुणांचा नसावा.

दुसऱ्या मॅचआधी त्यांनी मुलांना मनू भाकरबद्दल सांगितले. टोकियोच्या पात्रता फेरीत तिचे पिस्तूल मध्येच बिघडले, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली; त्याच मनूने पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवली. त्या हकिकतीनंतर मुलांनी एक सराव केला: मॅच चालू असताना प्रशिक्षिका मध्येच कोणाची तरी रायफल काढून घेत, पाच मिनिटांनी परत देत, आणि मुलाने घड्याळात उरलेला वेळ व उरलेले शॉट यांचा हिशेब मांडून, घाई न करता पुढे जायचे. माझ्या मुलीची रायफल त्यांनी दोनदा काढून घेतली. दुसऱ्या वेळी ती खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि मुकाट्याने वाट पाहत राहिली.

दुसरी मॅच मागच्या महिन्यात झाली. मी स्क्रीनकडे पाठ करून बसलो होतो, त्यामुळे मी पाहिले ते फक्त पत्नीचा चेहरा, आणि ती मुलांच्या वहीसारखीच एक वही मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्यात गुण लिहिले नाहीत, रेघा ओढल्या. वीस शॉटमध्ये मुलीने नऊ वेळा रायफल खाली घेतली, त्यांतल्या चार वेळा एकट्या शेवटच्या शॉटसाठी, घड्याळात अडीच मिनिटे उरलेली असताना. मग तिने नळीत दोरी घातली, हात धुवायला गेली, आणि परत आल्यावर भावाला म्हणाली की शेवटचा साडेनऊच्या आसपास असेल, थोडा उजवीकडे. तो धावत स्क्रीन पाहायला गेला.